बी६५० की बी६६०? मदरबोर्ड घेताना चिपसेटच्या नावांत चूक होऊ नये म्हणून

मी निपाणीला राहतो, लग्नाचे व्हिडिओ एडिट करून देतो. दोन वर्षांपूर्वी नवा पीसी जोडायला घेतला. प्रोसेसर कोल्हापुरात मिळाला, रायझन ५ ७६००. त्याला लागणारा बोर्ड मात्र त्या दुकानात संपला होता. मावसभाऊ बेंगळुरूला नोकरीला आहे, तो सुट्टीला येणार होता. त्याला फोनवर सांगितलं, "एसपी रोडवरून बी सिक्स-फिफ्टी घेऊन ये." तो तेव्हा बसमध्ये उभा होता. त्याला ऐकू गेलं 'सिक्स-सिक्स्टी'. दुकानात त्यानं तेच मागितलं, दुकानदारानं तेच दिलं.

रविवारी सकाळी बॉक्स उघडला, सॉकेटची, म्हणजे प्रोसेसर बसवायच्या खाचेची, लोखंडी पट्टी वर केली आणि प्रोसेसर वर धरला. माझा प्रोसेसर बरोबर चौकोनी, ४० बाय ४० मिलिमीटरचा, वरच्या धातूच्या झाकणाला कडेनं आठ पाय असलेला. बोर्डवरची जागा मात्र लांबट, ४५ बाय ३७.५ मिलिमीटरच्या प्रोसेसरसाठी केलेली. बोर्ड ओळखतात तो त्यावरच्या मुख्य चिपच्या, म्हणजे चिपसेटच्या नावानं. बी६५० हा एएमडीचा चिपसेट, बी६६० इंटेलचा. एका आकड्याचा फरक, आणि दोन वेगळ्या कंपन्या. लग्नसराई तोंडावर होती, तीन एडिट द्यायचे बाकी होते आणि उघडलेला बोर्ड परत घ्यायला दुकानदार तयार नव्हता. त्याची चूक नव्हती, मागितलेलीच वस्तू त्यानं दिली होती.

तेव्हापासून निपाणी, संकेश्वर, चिकोडी, बेळगाव इथल्या ओळखीच्या मुलांना आणि डीटीपीवाल्यांना बोर्ड निवडून देताना मी ठरावीक क्रमानं जातो. तो क्रम इथे देतो आहे. पहिल्यांदाच पीसी जोडणाऱ्यानं पैसे देण्याआधी हे एकदा वाचावं.

१. आधी प्रोसेसर ठरवा, बोर्ड नंतर

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न येतो, "बोर्ड कुठला देऊ?" त्याला उत्तर देऊ नका. आधी प्रोसेसरचं पूर्ण नाव कागदावर लिहा, शेवटच्या अक्षरासकट. आय५-१२४०० आणि आय५-१२४००एफ हे दोन वेगळे प्रोसेसर आहेत. 'एफ' असलेल्यात डिस्प्ले देणारा ग्राफिक्सचा भागच नसतो. बोर्डवर एचडीएमआय पोर्ट दिसतो, केबल लावता येते, पण वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर पडदा काळाच राहतो. "बोर्ड खराब आहे, डिस्प्ले येत नाही" म्हणून माझ्याकडे आलेल्या मशीनींपैकी दोन अशाच होत्या. बोर्ड बिचारा चांगला होता.

एएमडीकडे रायझन ५ ५६०० आणि ५६००एक्स यांना ग्राफिक्स नाही, ५६००जी ला आहे. ७६०० ला साधं ग्राफिक्स आहे, ७५००एफ ला नाही.

व्हिडिओ एडिट करणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. इंटेल घेत असाल तर दोन पैसे वाचवायला 'एफ' घेऊ नका. कॅमेऱ्यातून येणाऱ्या फायली उलगडायला इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समधली क्विक सिंक ही सोय फार उपयोगी पडते, टाइमलाइन अडखळत नाही.

२. प्रोसेसरवरून सॉकेट ओळखा

प्रोसेसर ज्या खाचेत बसतो ते सॉकेट. इथे चुकलं की पुढचं सगळं व्यर्थ, म्हणून हा भाग जरा सावकाश वाचा.

इंटेलच्या नावातले पहिले आकडे पिढी सांगतात. सहावी आणि सातवी पिढी एलजीए ११५१ नावाच्या सॉकेटमध्ये बसते. आठवी आणि नववीसुद्धा एलजीए ११५१ मध्येच, पण ती दोन ११५१ एकमेकांना चालत नाहीत. पिनांची संख्या तीच, प्रोसेसर खाचेत बसतोसुद्धा, पण मशीन सुरू होत नाही. सहाव्या-सातव्या पिढीला १०० आणि २०० मालिकेचे बोर्ड लागतात, म्हणजे एच११०, बी१५०, बी२५०. आठव्या-नवव्याला ३०० मालिका लागते, म्हणजे एच३१०, बी३६०, झेड३९०. जुन्या बाजारात आय५-८४०० स्वस्तात मिळतो आणि एच११० चा बोर्डही स्वस्तात मिळतो, आणि नवखा माणूस दोन्ही घेऊन घरी येतो. दोन्हीवर ११५१ लिहिलेलं असतं, त्यामुळे शंका यायलाही जागा नसते.

दहावी आणि अकरावी पिढी एलजीए १२००. बारावी, तेरावी, चौदावी एलजीए १७००. त्यानंतर इंटेलनं पिढीचा आकडा सोडून 'कोअर अल्ट्रा' हे नाव घेतलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेले अल्ट्रा २०० मालिकेचे डेस्कटॉप प्रोसेसर एलजीए १८५१ मध्ये बसतात.

एएमडीचं सोपं आहे. डेस्कटॉपच्या रायझनचा पहिला आकडा १ ते ५ असेल तर सॉकेट एएम४, ७ किंवा त्याच्या वर असेल तर एएम५. एएम४ च्या प्रोसेसरला खाली सोनेरी पिना असतात. एएम५ च्या प्रोसेसरची खालची बाजू सपाट, पिना बोर्डवर. एएम५ ला काही ठिकाणी एलजीए १७१८ असंही लिहितात. इंटेलचं १७०० आणि एएमडीचं १७१८, कानाला जवळजवळ सारखंच. दुकानात "सतराशेचा सॉकेट द्या" असं म्हणू नका, "एएम५" म्हणा.

३. आता चिपसेटचं नाव वाचा

बोर्डवर एका छोट्या धातूच्या पट्टीखाली एक चिप असते. यूएसबी, हार्डडिस्कचे साटा पोर्ट, जास्तीचे स्लॉट हे सगळं प्रोसेसरशी जोडायचं काम ती करते. तो चिपसेट. मशीनचा वेग मुख्यतः प्रोसेसरवर ठरतो. चिपसेट ठरवतो तो किती गोष्टी जोडता येतील आणि काय करायची मुभा आहे. रॅम चालवायचं कामसुद्धा आता प्रोसेसरच करतो. म्हणून महागडा चिपसेट घेतला की पीसी पळेल, ही समजूत मनातून काढून टाका.

नावाला तीन भाग असतात: पुढचं अक्षर, मालिकेचा आकडा, शेवटचे दोन आकडे.

इंटेलमध्ये एच हा साधा, बी मधला, झेड वरचा. पण एच मध्येही दोन प्रकार आहेत. ज्याचा शेवट १० तो अगदी पायथ्याचा, जसा एच५१०, एच६१०. ज्याचा शेवट ७० तो बी च्याही वरचा, जसा एच६७०, एच७७०. ऑफिसच्या तयार पीसीत क्यू अक्षराचे दिसतात, क्यू४७०, क्यू६७०. एएमडीमध्ये ए साधा, बी मधला, एक्स वरचा.

गोंधळ होतो तो बी वर, कारण हे अक्षर दोघांकडेही आहे. याला इतिहास आहे. इंटेलचे बी१५० आणि बी२५० बाजारात होते. २०१७ साली एएमडीनं आपल्या मधल्या चिपसेटला बी३५० नाव दिलं. त्यामुळे पुढच्या वर्षी इंटेलला बी३६० वर उडी घ्यावी लागली. तेव्हापासून दोघांची जोडी तशीच चालली आहे: बी४५० एएमडीचा, बी४६० इंटेलचा, बी५५० एएमडीचा, बी५६० इंटेलचा, बी६५० आणि बी६६०, बी८५० आणि बी८६०. एक्सचंही एकदा तसंच झालं, एक्स२९९ इंटेलचा आणि एक्स३९९ एएमडीचा, दोन्ही २०१७ चे.

लक्षात ठेवायला एवढंच: बी३५० पासून पुढे, बी च्या शेवटी ५० असेल तर एएमडी, ६० असेल तर इंटेल. पाच म्हणजे एएमडी, सहा म्हणजे इंटेल. बी३६५ हा एक अपवादाचा आकडा दिसेल, तोही इंटेलचाच. आणि शेवट ७० असेल तर अक्षर बघा, एच६७० इंटेलचा, एक्स६७० एएमडीचा.

फोनवर कुणाला सांगायचं असेल तर इंग्रजीत फिफ्टी-सिक्स्टी अजिबात म्हणू नका. 'सहा-पाच-शून्य' असा एकेक आकडा सांगा. समोरचा कन्नड बोलणारा असेल तर 'आरुनूर ऐवत्तु' म्हणजे सहाशे पन्नास, 'आरुनूर अरवत्तु' म्हणजे सहाशे साठ. मराठीतलं पन्नास आणि साठ तर कुणी चुकूनही एक ऐकणार नाही. आणि हे सगळं झाल्यावरही व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा, बॉक्सच्या लेबलचा फोटो मागवा, मगच पैसे पाठवा.

४. मोठा आकडा म्हणजे चांगला बोर्ड, हे खरं नाही

हा सापळा सगळ्यात खोल आहे, कारण आपल्याला शाळेपासून मोठा आकडा चांगला वाटत आला आहे.

बी३६० नंतर बी३६५ आला. आकडा पाचानं मोठा. पण बी३६० मध्ये चिपसेटकडूनच मिळणारी १० गिगाबिटची यूएसबी बी३६५ मध्ये नाही. तो जुन्या पद्धतीनं बनवलेला चिपसेट होता.

एलजीए १२०० मध्ये याहून वाईट. ४०० मालिकेतले एच४१०, बी४६०, एच४७०, झेड४९० हे सगळे दहाव्या पिढीबरोबर आले. मग अकरावी पिढी आली, सॉकेट तेच. एच४७० आणि झेड४९० वर बायोस (बोर्डमध्ये भरलेला छोटा प्रोग्राम) बदलून ती चालते. एच४१० आणि बी४६० च्या मूळ चिपसेटवर चालत नाही. ज्यानं बी४६० घेतला त्याला वाटतं, आपण मधला बोर्ड घेतलाय, उद्या अकरावी पिढी टाकू. ते शक्य नाही. अकराव्या पिढीचा प्रोसेसर असेल तर सरळ ५०० मालिका घ्या, एच५१० किंवा बी५६०.

एएमडीकडे आताचं उदाहरण बी८४० चं. बी६५० पेक्षा आकडा मोठा, मालिका नवी. पण त्याच्या चिपसेटमधून निघणारे मार्ग पीसीआयई ३.० चे आहेत (पीसीआयई म्हणजे कार्ड आणि एसएसडी जोडायची पद्धत, आकडा मोठा तितकी वेगवान) आणि प्रोसेसर ओव्हरक्लॉक, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवता, येत नाही. बी६५० या दोन्ही बाबतीत पुढे आहे. बी८५० आणि बी८४० शेजारी शेजारी ठेवलेले असतील तर फक्त 'आठशेची मालिका' ऐकून उचलू नका.

तसंच एक्स८७० आणि एक्स८७०ई. शेवटच्या 'ई' मुळे एका चिपऐवजी दोन चिप येतात, जास्त गोष्टी जोडता येतात. बी६५० ला 'ई' लागला की ग्राफिक्सच्या स्लॉटला पीसीआयई ५.० मिळतं. एडिटिंग करणाऱ्या साध्या माणसाला त्याचा आज काही फायदा नाही. त्या पैशांत रॅम वाढवा.

बी६६० आणि बी७६० यांत मात्र डोकं फार खपवू नका. दोन्ही बारावी ते चौदावी पिढी चालवतात. बी७६० ला वेगवान मार्ग थोडे जास्त आहेत. किंमत जवळपास सारखी असेल तर बी७६०, बराच फरक असेल तर बी६६० बिनधास्त.

५. पूर्ण नाव शेपटासकट वाचा

'बी७६०' हे बोर्डचं नाव नव्हे, ते फक्त त्याचं आडनाव समजा. आडनावावरून माणूस सापडत नाही. बॉक्सवर आणि बिलावर 'प्राइम बी७६०एम-ए डी४' असं लांबलचक लिहिलेलं असतं, आणि त्यातलं प्रत्येक अक्षर काही सांगत असतं.

'एम' म्हणजे मायक्रो-एटीएक्स, साधारण २४४ मिलिमीटरचा चौकोनी बोर्ड. 'आय' म्हणजे मिनी-आयटीएक्स. काहीच नसेल तर बहुधा पूर्ण आकाराचा, ३०५ मिलिमीटर लांब. घरातलं जुनं कॅबिनेट वापरायचं असेल तर आधी पट्टी लावून मोजा.

'डी४' किंवा 'डीडीआर४' म्हणजे त्या बोर्डला डीडीआर४ रॅम लागते. एलजीए १७०० ची हीच अडचण आहे: प्रोसेसर दोन्ही रॅम चालवू शकतो, पण बोर्डवर खाच एकाच प्रकारची असते. एकाच नावाचे दोन बोर्ड, एकाला 'डी४' शेपूट आणि दुसऱ्याला नाही, आणि शेपूट नसलेल्याला डीडीआर५. दोन्ही रॅमना २८८ पिना, लांबी तीच, फक्त मधली खाच थोडी सरकवलेली. एका विद्यार्थ्यानं वडिलांच्या जुन्या पीसीतली डीडीआर४ काढून नव्या डीडीआर५ च्या बोर्डात जोर देऊन बसवायचा प्रयत्न केला. खाच जुळत नव्हती तरी तो दाबत राहिला आणि स्लॉटच्या आतला प्लास्टिकचा उंचवटा तुटला. रॅम बसत नसेल तर थांबा. ती हलक्या 'टक' आवाजानं बसते, तिच्यावर अंगाचा भार टाकावा लागत नाही.

एएमडीत हा त्रास नाही. एएम४ म्हणजे डीडीआर४, एएम५ म्हणजे डीडीआर५, दुसरा पर्याय नाही. एलजीए १८५१ लाही डीडीआर५ च.

'व्ही२', 'रेव्ह १.२' असं काही असेल तर तेही टिपून घ्या. एकाच बोर्डच्या दोन आवृत्त्यांची बायोस वेगळी असू शकते. काही कंपन्या हा आकडा बोर्डच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापतात.

६. कंपनीच्या यादीत तुमचा प्रोसेसर शोधा

ही पायरी बहुतेक जण सोडतात. दुकानदार म्हणतो, "चालतंय की हो अण्णा, घेऊन जा." तो खोटं बोलतो असं नाही, त्यानं तोच बोर्ड दुसऱ्या कुणाला दिलेला असतो आणि त्याचं चाललेलं असतं. तरीही मोबाइलवर बोर्डचं पूर्ण नाव टाका, कंपनीच्या पानावर प्रोसेसर सपोर्टची यादी उघडा आणि तुमच्या प्रोसेसरसमोर कुठली बायोस लिहिली आहे ते बघा.

बायोस हा बोर्डच्या चिपमध्ये आधीच भरलेला छोटा प्रोग्राम. बोर्ड ज्या दिवशी कारखान्यातून निघाला त्यानंतर आलेला प्रोसेसर त्याला ओळखता येत नाही. बी४५० वर रायझन ५००० मालिका चालते, पण बायोस नवी हवी. बी६६० वर चौदावी पिढी चालते, बायोस नवी हवी. बी६५० वर रायझन ९००० चालतो, बायोस नवी हवी. उलटही होतं: बी५५० नवा असला तरी रायझन १००० आणि २००० त्याच्या यादीत नाहीत.

काही बोर्डवर प्रोसेसर नसतानाही बायोस बदलण्याचं बटन असतं. आसूस त्याला बायोस फ्लॅशबॅक म्हणते, गिगाबाइट क्यू-फ्लॅश प्लस, एमएसआय फ्लॅश बायोस बटन. जुना स्टॉक घेत असाल तर हे बटन असलेलाच बोर्ड घ्या. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करायचा, फाइल टाकायची, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) जोडायची, बटन दाबून थांबायचं. बटन नसेल तर दुकानदाराकडूनच बायोस बदलून घ्या आणि मगच बोर्ड उचला.

बायोस बदलताना मध्येच लाइट गेली तर बोर्ड मरू शकतो. आपल्याकडे वळवाचा पाऊस सुरू झाला की वीज कंपनी हेस्कॉमची लाइट कधी जाईल सांगता येत नाही, खानापूरच्या बाजूला तर पावसाळाभर. एप्रिल-मे मधल्या दुपारी आभाळ भरून आलेलं असताना हे काम काढू नका. यूपीएस लावा, त्याची बॅटरी खरोखर तग धरते का ते आधी वायर काढून तपासा, मग सुरुवात करा.

७. तुमच्या कामाला कुठला पुरेल

कॉलेजचा अभ्यास, कोडिंग, टायपिंग, हिशेब, साधं डीटीपी: इंटेल बाराव्या पिढीचा आय३ किंवा आय५ आणि एच६१०. रॅमचे दोनच स्लॉट असतात, म्हणून पहिल्यांदाच दोन ८ जीबीऐवजी एक १६ जीबी टाका, म्हणजे पुढे वाढवायला जागा राहते.

फ्लेक्सचं डिझाइन, लग्नाचे व्हिडिओ, ड्रोनचं फुटेज: बी६६०, बी७६० किंवा एएमडीचा बी६५०. एएम५ कडे माझा कल आहे, कारण या सॉकेटला २०२७ पर्यंत आणि पुढेही साथ देण्याचं एएमडीनं जाहीर केलंय, उद्या फक्त प्रोसेसर बदलता येईल. एलजीए १७०० साठी चौदाव्या पिढीनंतर रस्ता बंद आहे.

झेड चिपसेट घ्यायचा तो प्रोसेसरच्या शेवटी 'के' असेल आणि तुम्ही ओव्हरक्लॉक करणार असाल तरच. आय५-१२४०० ला झेड७९० जोडून देणारे दुकानदार मी पाहिले आहेत. त्या पैशांत चांगली एसएसडी आली असती.

आता एक गोष्ट जी चिपसेटचं नाव सांगतच नाही. प्रोसेसरच्या शेजारी वीज पुरवणारे छोटे चौकोनी भाग ओळीनं असतात, त्यांना व्हीआरएम म्हणतात. दोन बी७६० बोर्डपैकी एकाच्या व्हीआरएमवर जाड धातूची पट्टी असते, दुसऱ्याचे उघडे असतात. दोन्हींचं नाव 'बी७६०'. आय५-१२४०० असेल तर उघडं चालेल. आय७ लावून तासभर रेंडर (एडिट केलेल्या व्हिडिओची शेवटची फाइल बनवणं) चालवलं की उघडे भाग तापतात, आणि तापले की बोर्ड प्रोसेसरचा वेग खाली ओढतो. माझ्या एका मित्राच्या मशीनवर पहिली दहा मिनिटं रेंडर पळायचं, मग रखडायचं, आणि तो सॉफ्टवेअरला दोष देत महिनाभर बसला होता. बाजूला टेबलफॅन लावला तसा फरक पडला, तेव्हा कारण कळलं. आय७ किंवा त्यावरचं काही घेत असाल तर एच६१० च्या वाटेला जाऊ नका आणि बी७६० मध्येही पट्टी असलेलाच बघा.

८. 'नवा' एच६१ नाकारा

खडेबाजारापासून खेड्यातल्या मोबाइलच्या दुकानापर्यंत "आय५ पीसी, एसएसडी, सगळं नवीन" अशा पाट्या दिसतात. आत बहुतेक वेळा एच६१ किंवा एच८१ निघतो. एच६१ हा २०११ चा चिपसेट, दुसऱ्या-तिसऱ्या पिढीसाठी, डीडीआर३ रॅमचा. लोकल ब्रँड असे बोर्ड अजून नवे बनवतात, वर वेगवान एसएसडीचा एनव्हीएमई स्लॉटही देतात, त्यामुळे बोर्ड खरंच नवाकोरा दिसतो. प्रोसेसर मात्र कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला दहा-बारा वर्षांपूर्वीचा असतो.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून आणि रायझन २००० मालिकेपासून पुढे, टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय असेल तर चालते. एच६१ तिथे बसत नाही. मुलीच्या डिप्लोमासाठी तंबाखूच्या हंगामातले पैसे बाजूला काढून पीसी घेणाऱ्या बापाला हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो: "आय५ आहे" यावर थांबू नका, "कितव्या पिढीचा?" हे विचारा. उत्तरात टाळाटाळ झाली तर दुसरं दुकान बघा.

९. बेळगाव, कोल्हापूर की बेंगळुरू

जीएसटी बोर्डवर १८ टक्केच आहे, कर्नाटकात घ्या की महाराष्ट्रात. त्यामुळे कर वाचेल म्हणून हद्द ओलांडू नका. किमतीत फरक पडतो तो दुकानाच्या स्टॉकमुळे. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, म्हणून आम्ही तिकडे वळतो. खानापूरच्या माणसाला बेळगावच सोयीचं. पण वॉरंटीचा क्लेम कुठे करायचा हे घेण्याआधी विचारा. नामांकित कंपन्यांच्या बोर्डला साधारण तीन वर्षांची वॉरंटी असते. ती कंपनी देते, पण सर्व्हिस सेंटर जवळ आहे की दुकानदार कुरिअरनं पाठवणार, आणि तो खर्च कोणाचा, हे बिल करतानाच ठरवून घ्या. बेंगळुरूहून कुणाच्या तरी हातून मागवलेल्या बोर्डचं काही झालं तर दुकानदारापर्यंत परत जाणं किती अवघड आहे, ते मी सोसलंय.

१०. पैसे देण्याआधी काउंटरवर

बॉक्स तिथेच उघडायला सांगा. सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकण उचला आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरून पिनांकडे बघा. सगळ्या पिना एका ओळीत चमकल्या पाहिजेत. शेतात वारा गेल्यावर एका जागी ज्वारी आडवी पडलेली दिसते, तशी एखादी पिन वाकलेली असेल तर लगेच डोळ्यात येते. वाकलेल्या पिनेला वॉरंटीत बहुधा नकार मिळतो, आणि घरी गेल्यावर ती तुम्हीच वाकवली असं म्हटलं जातं. फोटो काढून ठेवा. बोटानं पिनांना हात लावू नका, दुकानदारालाही लावू देऊ नका.

सोबत न्यायचं:
– प्रोसेसरचं आणि बोर्डचं पूर्ण नाव लिहिलेला कागद
– जुनी रॅम वापरणार असाल तर ती, निदान तिच्या लेबलचा फोटो
– कॅबिनेटची आतली मापं
– मोबाइलवर उघडून ठेवलेली प्रोसेसर सपोर्टची यादी
– रिकामा पेनड्राइव्ह, फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला

परत आणायचं:
– जीएसटी क्रमांकाचं पक्कं बिल, त्यावर बोर्डचं पूर्ण नाव आणि सिरियल नंबर
– तोच सिरियल नंबर असलेला बॉक्स
– सॉकेटचं काळं झाकण. क्लेमला बोर्ड पाठवताना ते लावूनच पाठवावं लागतं
– वायफायचा अँटेना, साटा केबल, मागची पत्र्याची पट्टी

बिलावर नुसतं 'मदरबोर्ड – १' असं लिहून देत असतील तर थांबा आणि नाव लिहायला लावा. "जीएसटी नको असेल तर थोडं कमी करतो" ही सूट घेऊ नका, वर्षभरानं क्लेम करताना ती फार महाग पडते.

११. घरी जोडताना

बोर्ड थेट कॅबिनेटात घालू नका. त्याच्याच पुठ्ठ्याच्या बॉक्सवर ठेवा, प्रोसेसर, एक रॅम, कूलर आणि एसएमपीएस जोडून डिस्प्ले येतो का ते आधी बघा. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवा आणि तो नुसता ठेवा, दाबू नका. इंटेलच्या सॉकेटची कडी बंद करताना करकर आवाज येतो, पहिल्यांदा छातीत धस्स होतं. तो आवाज नेहमीचा आहे. डीडीआर५ असेल तर पहिल्या वेळी पडदा उजळायला काही मिनिटं लागू शकतात, बोर्ड रॅमची जुळवणी करत असतो. लगेच बटन बंद करू नका, चहा होईपर्यंत थांबा.

डिस्प्ले आला की बायोसमध्ये जाऊन तीन गोष्टी बघा: प्रोसेसरचं नाव बरोबर दिसतंय का, रॅम पूर्ण दिसतेय का, बायोसचा आकडा यादीतल्या आकड्याइतका किंवा नवा आहे का. मग कॅबिनेटात बसवा.

माझ्याकडे चुकून आलेला तो बी६६० वर्षभर बॉक्समध्ये पडून होता. शेवटी आय३-१२१०० घेऊन त्यावर बहिणीसाठी मशीन जोडलं. तिचं शिवणकामाचं दुकान आहे, गिऱ्हाइकांची मापं आणि हिशेब ती त्यावर ठेवते. जोडायच्या आधी मी बॉक्सवरचं नाव मोठ्यानं वाचलं, आकडा आकडा करून, आणि तिला कंपनीच्या यादीत बोट ठेवून बघायला लावलं.